फणसाचा पार

फणस तोडला तर मांडव परसभर घालता येईल, एवढंच सगुणा नवऱ्याला म्हणाली होती. तेही विडा करता करता, सहज. दीनानाथपंतांनी ते वाक्य जे उचललं ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. फडावर, सरकारी कचेरीत, जाताना तेच, जेवायला बसल्यावर तेच. वैशाखातल्या त्या सकाळी घरातली सगळी माणसं मुहूर्तमेढीसाठी परसात जमली, तोवर झाड तोडायचा विचार जणू सगळ्यांच्याच मनात वर्षानुवर्षं घोळत होता असं झालं होतं. सगुणेला मात्र आपण हे बोललो तरी कशाला, असं होऊन गेलं होतं.

मुंज तिच्याच मुलाची. गोंधळेकरांच्या घरात पुष्कळ वर्षांनी मुंज होत होती आणि फडावरची मातब्बर मंडळी जेवायला यायची होती. पुढचा चौक पंगतीला अपुरा. मागचं परसू ऐसपैस, पण त्याच्या मधोमध थोरल्या जाऊबाईंचा फणस उभा आणि फणसाभोवती कमरेएवढा दगडी पार. त्या पाराला वळसा घालून पानं मांडायची, तर निम्मे ब्राह्मण न्हाणीघराच्या छपरावर बसवावे लागले असते.

"आप्पा, पंधरा वर्षं झाली," दीनानाथपंत वडिलांना म्हणाले. "पंधरा वर्षांत या झाडाने काय दिलं? पानं. आणि ती झाडायचं काम."

"ते काम मी करते," बयाआत्या म्हणाल्या. आप्पांची, म्हणजे दिगंबरपंतांची, ही बहीण ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झाल्यावर भावाकडे आली, ती इथलीच झाली होती. तिच्या हातातला खराटा आणि तोंडातली जीभ, दोन्ही सारखीच चालायची. "रोज सकाळी टोपलीभर पानं. फणस खायचा राहिला बाजूला, कंबर मात्र गेली. तोडा मेलं एकदाचं."

दिगंबरपंत पाटावर बसून झाडाकडे बघत होते. साठी उलटली तरी घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते हो म्हणाले की झालं आणि नाही म्हणाले तरी झालं. त्यांच्या मागे गेनबा कुऱ्हाड टेकवून उभा होता. गोंधळेकरांची वारज्याची जमीन तो कसायचा. मांडवाचे वेळू गाडीत घालून, दोन माणसं बरोबर घेऊन तो पहाटेच आला होता.

आणि मागच्या दाराच्या चौकटीत, पदर सावरून, उमा उभी होती.

सगुणेने तिच्याकडे बघायचं टाळलं. उमा घरातली थोरली सून. तिचे यजमान त्र्यंबकपंत फौजेबरोबर कर्नाटकात गेलेले, दोन्ही लेकी सासरी. तिच्या बाजूने बोलायला परसात एक माणूस नव्हतं, आणि स्वतःच्या बाजूने बोलायची तिला सवय नव्हती.

हा फणस तिने लावला होता. तिचे वडील घाट चढून एकदाच पुण्याला आले, तेव्हा ओल्या मातीच्या गोळ्यात फणसाची आठळी घेऊन आले. ते परत गेले आणि त्याच पावसाळ्यात वारले. त्यानंतर उमेचं कोकणात जाणं झालं नाही. जायचं कुणाकडे? उरलं होतं ते हे झाड. त्या पेठेत तेव्हा असं दुसरं झाड नव्हतं. फणस पुण्याला येतो तो कावडीत बसून, इथे उगवत नाही, असं शेजारीपाजारी तिला तोंडावर सांगून गेले. तिने ऐकून घेतलं आणि आपलं काम चालू ठेवलं. काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजेल म्हणून खड्डा दोनदा उकरून त्यात कात्रजकडची मुरमाड माती घातली. उन्हाळ्यात पेठेच्या हौदावरून आणलेल्या कळशीतलं एक तांब्या पाणी आधी झाडाला, मग घरात. पुण्याची थंडी त्या रोपाच्या कोकणी हाडांना सोसवेना, म्हणून पौषात ती आपली जुनी पासोडी त्याच्यावर टाकायची आणि स्वतः नुसतं लुगडं पांघरून निजायची. सगुणा या घरात नांदायला आली तेव्हा झाड पागोळीला टेकलं होतं. एवढ्याशा आठळीचं एवढं झाड करणारी बाई आपली जाऊ आहे, याचा सगुणेला पहिल्यापासून अभिमान होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही, ही गोष्ट निराळी.

सगुणेच्या डोळ्यांदेखतच दिगंबरपंतांनी पार बांधला होता. वडाला पार असतो, पिंपळाला असतो. सुनेच्या माहेरच्या झाडाला सासऱ्याने पार बांधल्याचं पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं पडलं की हे झाड घाट चढून आपल्या दारी आलंय, त्याचा मान राखला पाहिजे. गवंड्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः दगड रचले, आत मातीचा भराव घातला आणि संध्याकाळी पाठ धरून आत आले. उमा त्या दिवशीही अशीच दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. किती सुखावली आहे, असं तेव्हा सगुणेला वाटलं होतं.

"फळाला आलेलं झाड या घरात कुणी तोडलं नाही," दिगंबरपंत सावकाश म्हणाले. "माझ्या हयातीत कुणी तोडणारही नाही. याला एक जरी फणस धरला असता, तरी मी मांडव रस्त्यात घातला असता. पण दरवर्षी वर बघून बघून मान मोडली. एक नाही. आता नातवाची मुंज आहे."  मग दाराकडे न बघता म्हणाले, "थोरल्या सूनबाईंना काही म्हणायचंय का?"

एवढं विचारलं, हेही पुष्कळ होतं. बयाआत्यांनी खराटा थांबवला.

"मामंजी, एक मागणं आहे," उमा म्हणाली. "मुहूर्तमेढ पारात रोवावी. बुंध्याशी."

"पारात?" दीनानाथपंतांनी भुवया उंचावल्या. "वहिनी, झाड तोडायचं, पार काढायचा आणि मेढ काय अधांतरी ठेवायची?"

"पार काढायचा कशाला, भावोजी? झाड गेलं की पार मोकळा राहील. बांधलेला, उंच. मुंजीत बटूला बसवायचं बहुलं त्यावरच घाला. सगळ्या पंगतीला दिसेल."

 सगळ्या पंगतीला दिसेल, हे दीनानाथपंतांना पटलं. फडावरची मंडळी जेवताना मान वर करून आपल्या मुलाची मुंज बघताहेत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं सगुणेला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काही वाईट नाही," ते म्हणाले. आणि वाईट नाही म्हणणं ही त्यांची स्तुतीची शेवटची पायरी होती.

सगुणेला मात्र ते ऐकवेना. पंधरा वर्षं जपलेलं झाड जायचं, आणि ही बाई त्याच्या जागेवर माझ्या मुलाचं बहुलं घालायला सांगते. एक शब्द वावगा नाही. यापेक्षा ती भांडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. सगुणा पदर ओढून नवऱ्याजवळ सरकली.

"अहो, मांडव लहानच घालू या का? दोन पंगती उठवू. झाड राहू दे."

दीनानाथपंतांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती फारसीत बोलली.

"तोडायचं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते. आता नको म्हणते."

"छान. गेनबाला सांगतो, कुऱ्हाड खाली ठेव म्हणून, आणि मग संध्याकाळपर्यंत तू पुन्हा विचार बदलशील, तोवर तो इथेच बसून राहील."

"मुहूर्त टळतोय," दिगंबरपंत उठत म्हणाले. "पारात तर पारात. गेनबा, पहार घे."

गेनबा पारावर चढला. त्याने समोरची बाजू धरली, तशी उमा दारातून दोन पावलं पुढे आली.

"तिथे नको. मागच्या अंगाला. तो दगड फुगलाय ना बाहेर, त्याच्या मागे."

"तिथं माती भुसभुशीत हाय, आक्कासाब," गेनबा म्हणाला. "मेढ हलंल."

"नाही हलायची. तिथेच."

सगुणेची नजर त्या दगडावर गेली. पाराची चुना भरलेली सांध तिथे तडकली होती आणि दगड आतून कुणी रेटावा तसा पुढे आला होता. सांधीतून मुंगळ्यांची रांग आत जात होती, बाहेर येत होती. गेले काही दिवस उमा दुपारची भांडी आवरली की पाराच्या त्याच कडेला येऊन बसत होती, हे सगुणेला आठवलं. झाडाचा निरोप घेत असेल, असं वाटून तिने तेव्हा तिकडे जाणंच सोडलं होतं.

जोशीबुवांनी मंत्र सुरू केला. मेढेला आंब्याचा टाळा बांधून झाला, हळदकुंकू वाहून झालं. गेनबाने पहार उचलून घातली. माती मऊ होती. दुसऱ्या घावाला पहार हातभर आत गेली आणि तिसऱ्या घावाला कशात तरी रुतून बसली. गेनबाने दोन्ही हातांनी ओढून ती बाहेर काढली आणि टोकाकडे बघत राहिला.

"धनी, ह्ये काय हाय? पहारीला चीक लागलाय. दुधावानी."

"मुळाला लागली असेल," दीनानाथपंत म्हणाले. "चालू दे."

"मूळ न्हाई ह्ये. मूळ असं मऊ नसतंय."

तेवढ्यात वास आला. एकदम आला आणि परसभर झाला. गोड, दाट, जरा उग्र. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पानं गोळा करणाऱ्या बयाआत्या कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"फणस कुणी आणला गं?"

कुणी आणला नव्हता.  जोशीबुवांचा मंत्र आपोआप थांबला. दिगंबरपंत पाराशी गेले, वाकले, आणि खड्ड्यात तोंड घालून त्यांनी लहान मुलासारखा वास घेतला. डोकं वर काढलं तेव्हा त्यांच्या पगडीला माती लागली होती.

"हाताने," ते म्हणाले. "पहार नको. हाताने उकरा."

गेनबा उकरू लागला. दीनानाथपंतांनी थोडा वेळ दम काढला. मग मुहूर्तासाठी नेसलेल्या सोवळ्याचा विचार न करता तेही पारावर चढले आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागले. "जपून, जपून," असं ते गेनबाला सांगत होते आणि स्वतः मांजरासारखे ओरबाडत होते. हळूहळू ते दिसायला लागलं. काटेरी, पिवळट, एका अंगाने दगडाला दाबून चपटं झालेलं, पण चांगलं कळशीएवढं फळ. बुंध्यालाच धरलेलं, पाराच्या पोटात. त्याच्या मागे दुसरं होतं, लहान. आणि आणखी खाली काळे पडलेले, कुजलेले देठ होते. किती वर्षांचे, कुणास ठाऊक.

"अगं बाई," बयाआत्या पुढे येऊन म्हणाल्या, "आम्ही वर बघतोय आणि हा आपला खाली! मी म्हणतच होते, झाडात खोट नाही."

"आत्या, तू घटकेपूर्वी काय म्हणत होतीस?" दीनानाथपंतांनी विचारलं.

"पानांचं म्हणत होते. झाडाचं नव्हे."

दीनानाथपंतांना उत्तर द्यायचं होतं. पण त्यांचे दोन्ही हात एकमेकांना चिकटले होते. ते सोडवायला त्यांनी उपरण्याला पुसले, तर उपरणंही चिकटलं. फडावर भल्याभल्यांची बोलती बंद करणारे दीनानाथपंत हात जोडून फणसापुढे उभे राहिले, आणि ते पाहून गेनबालाही पागोट्याच्या शेवाआड हसू लपवावं लागलं.

दिगंबरपंत मात्र हसले नाहीत. ते त्या कुजलेल्या देठांकडे बघत होते. मग त्यांची नजर पाराच्या दगडांवरून फिरली, एकेक करत, सगळ्या बाजूंनी.

"हा पार मी बांधला," ते म्हणाले.

  फणस बुंध्याशी, थेट जमिनीलगत धरतो, आणि तीच जागा त्यांनी मोठ्या प्रेमाने मातीत गाडली होती. कोकण सोडलं तेव्हा ते लहान होते. फणस त्यांनी पानावर खाल्ला होता, झाडाची निगा कधी केली नव्हती.

ते मागे वळले. "सूनबाई, तुझ्या वडिलांनी आठळी दिली, तेव्हा झाड कसं जपायचं ते सांगितलं असेल ना? काय म्हणाले होते?"

सगुणेने उमेकडे पाहिलं. उमेने मान खाली घातली.

"आठवत नाही, मामंजी. पुष्कळ वर्षं झाली."

"आठवत नाही," दिगंबरपंत म्हणाले. लेकींच्या जन्मवेळा, पेठेतल्या बाळंतपणांच्या तिथी, श्राद्धपक्ष, सगळं घर ज्या बाईला विचारायचं, ती ही.  मग त्यांनी अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या, पाराच्या त्या फुगलेल्या दगडाला हात घातला आणि तो स्वतः उपसून खाली ठेवला.

"गेनबा, कुऱ्हाड गाडीत टाक. हे सगळे दगड काढायचे. बुंधा मोकळा झाला पाहिजे. त्याच दगडांचं बहुलं तिकडे भिंतीशी घाला. आणि मेढ इथे, खाली जमिनीत रोवा."

"आणि मांडव, आप्पा?" दीनानाथपंतांनी जोडलेल्या हातांनीच विचारलं.

"मांडवाला मध्ये भोक ठेवा. फणस आत उभा राहील. कुणी विचारलं तर सांगा, मुंजीला कोकणातून पाहुणे आलेत."

मेढ रोवली गेली. मुहूर्त टळला की साधला, ते जोशीबुवांनाच ठाऊक. त्यांचं लक्ष फणसाकडे होतं.

मागच्या पडवीत उमेने केळीची पानं पसरली, हाताला आणि कोयत्याला खोबरेल चोळलं आणि फणस फोडला. सगुणा तेलाची वाटी घेऊन नवऱ्याचे हात सोडवून आली होती. तिच्या बोटांनाही चीक होता. उमा एकेक गरा काढून पानावर ठेवत होती. ओळखीचं काम तिच्या हातांना पंधरा वर्षांनी मिळत होतं, पण हात जराही अडखळत नव्हते.

"जाऊबाई," सगुणा हळूच म्हणाली, "तुम्हाला आठवतंय. वडील काय म्हणाले ते."

उमेने कोयता पुसला.

"बुंधा उघडा ठेव म्हणाले होते. फणस बुंध्याशी धरतो, त्याला वारा लागू दे."

"मग पार बांधला त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय बोलणार? मामंजी स्वतः दगड उचलत होते. माझ्या वडिलांच्या झाडासाठी. वडील नव्हते बघायला. माझ्या माहेराला या घरात एवढा मान कुणी दिला होता, सगुणे? म्हटलं, फळ नाही तर नाही."

म्हणजे तेव्हाचं ते पाणी सुखाचं होतं, आणि नव्हतंही.  दहा वर्षं ही बाई रोज त्या पाराला पाणी घालत होती, सणावाराला त्याच्यावर रांगोळी काढत होती, आणि झाडाला फळ का दिसत नाही ते तिला माहीत होतं.

"आणि आज मेढ तिथेच रोवायला सांगितलीत. तुम्हाला वास आला होता."

"आल्यासारखा वाटला. खात्री कुठे होती? माहेरचा वास कधी कधी नुसता मनातच येतो." उमा किंचित हसली. "सासऱ्याने बांधलेला पार सुनेने कसा उकरावा? मुहूर्तमेढीने उकरला तर कुणाला दोष नाही. आणि काही निघालं नसतं, तर तुझ्या मुलाला बहुलं झालंच असतं. ते खोटं नव्हतं हो."

सगुणेने चिकट हातांनीच तिचा हात धरला. ती म्हणाली, "तोडायचं मी म्हणाले होते."

"ठाऊक आहे. राहू दे म्हणालीस, तेही ऐकलं मी. तेल दे इकडे."

देवापुढे पान ठेवून झालं. दिगंबरपंत पडवीत आले आणि खाली बसले. "कापा का बरका?" त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न साठ वर्षांच्या माणसाचा नव्हता.

"कापा, मामंजी. खुसखुशीत आहे."

त्यांनी पहिला गरा उचलला. तोंडात घातला नाही. उठून तो उमेच्या पुढ्यातल्या पानावर ठेवला. सासऱ्याच्या आधी सुनेने खाण्याची रीत त्या घरात नव्हती, त्यामुळे उमा त्या गऱ्याकडे नुसती बघत राहिली. 

"खा," ते म्हणाले. "तू खाल्ल्याशिवाय मला खाता येणार नाही."

उमेने गरा तोंडात घातला. डोळे मिटले. मग पदर डोळ्यांना लावला आणि या वेळी ते पाणी कशाचं आहे, हे सगुणेला कुणाला विचारावं लागलं नाही.

दिगंबरपंतांनी आपला गरा संपवला, आठळी धोतराच्या सोग्याने पुसली आणि धाकट्या सुनेपुढे धरली.

"ही वारज्याच्या मळ्यात लाव. तुझ्या मुलाच्या मुंजीची आठवण राहील."

"कशी लावायची, मामंजी?" सगुणेने विचारलं. "पार बांधायचा का?"

दिगंबरपंत पायात वहाणा सरकवत होते. ते थांबले आणि सगुणेने या घरात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा थोरल्या सुनेकडे बघून मनापासून हसले.

"ते तुझ्या जाऊबाईंना विचार," ते म्हणाले. "तिला आता आठवेल."